फळी एकदाच ओढायची

आबा,

तक्रार चहाची आहे. म्हणजे चहाची नव्हे, बशीची. गेले अडीच महिने मी बशीतून चहा प्यालेलो नाही, आणि या विषयावर घरात कुणीही गांभीर्यानं बोलायला तयार नाही. उजवा हात गळ्यात अडकवलेल्या निळ्या झोळीत आहे. डाव्या हातानं कप उचलून बशीत ओतावा, इथपर्यंत सगळं ठीक. मग कप खाली ठेवायचा, त्याच हातानं बशी उचलायची आणि ओठांपर्यंत न्यायची. या प्रवासात निम्मा चहा सदऱ्यावर उतरतो. तुमची सून म्हणते, "अहो, कपानं प्या की. सगळं जग कपानं पितं." जगाचं मला माहीत आहे. जग गरम चहानं जीभ भाजून घेतं आणि त्याला सभ्यता म्हणतं. बशी हा आपल्या घराण्याचा एकुलता एक वारसा आहे. मेंढरं तर तुम्ही माझ्या जन्माआधीच विकून मोकळे झालात. मी तिला समजावून सांगितलं की संस्कृतात हात हे नेहमी द्विवचनी असतात, पूर्वजांनी काही विचार करूनच तशी सोय केली असणार, आणि एकवचनी माणसाकडून बशीची अपेक्षा करणं हा अन्याय आहे. ती म्हणाली, "मग संस्कृतातच प्या चहा." तीस वर्षं कॉलेजात शिकवल्याचं हे फळ.

झालं असं की क्रांती चौकात माझी स्कूटर घसरली. कुणी धडक दिली असती तर निदान सांगायला बरं होतं. एकटाच होतो, भाजीची पिशवी होती आणि रस्ता ओला होता. खांद्यातला स्नायू हाडापासून सुटला. डॉक्टरांनी तो परत जागेवर शिवला आणि सांगितलं की सहा महिने हा हात वर न्यायचा नाही, ओझं उचलायचं नाही. कोपर टेबलावर टेकवून लिहायला हरकत नाही. म्हणून हे लिहितो आहे. मी विचारलं, "डाव्या हातानं गोल्फ खेळू का?" त्यांनी चष्मा काढला. "डाव्या हाताचं ऑपरेशन मी केलेलं नाही, त्यामुळं त्याला मी काही सांगू शकत नाही. पडू नका म्हणजे झालं." ही परवानगी आहे असं मी धरलं. तुमच्या सुनेनं तसं धरलं नाही. तिच्याशी झालेलं संभाषण इथं देत नाही, कारण त्यात माझी वाक्यं फार थोडी आहेत.

पण जायलाच हवं होतं, आबा. तुमची खळी जाणार आहेत. गोल्फच्या मैदानाच्या कमिटीनं ठरवलं आहे की या वर्षीच्या कपाच्या स्पर्धेनंतर नऊच्या नऊ ठिकाणची वाळू उचलायची आणि तिथं हिरवळ लावायची. पाण्याची लाइन आली आहे. इतर शहरांतले लोक येऊन हसतात म्हणे, की तुमच्याकडं अजून वाळूवर खेळतात. त्यामुळं यंदाचा सामना हा वाळूवरचा शेवटचा. तुम्ही गेल्यापासून मी एकाही वर्षी हा कप चुकवलेला नाही. जिंकलोही नाही, ते वेगळं. पण ज्या वर्षी तुमची वाळू उचलणार, नेमक्या त्या वर्षी मी झोळीत हात घालून घरी बसावं, हे मला पटेना. मला एवढंच हवं होतं की शेवटच्या खळ्यावर माझा चेंडू माझ्या हातानं गलात जावा. हात कोणता, हे मी तेव्हा ठरवलं नव्हतं.

खळं हा शब्द तुमचाच. साहेब लोक त्याला ब्राऊन म्हणायचे. गवत जगवायला पाणी नव्हतं, म्हणून गलाभोवती गोल आखून त्यात बारीक वाळू टाकायची, गॅरेजमधलं जळकं ऑइल आणून त्यात मुरवायचं, आणि वर लांब दांड्याची फळी ओढून सगळं गुळगुळीत करायचं. तुम्ही पहिल्यांदा ते पाहिलंत तेव्हा म्हणालात, "हे तर खळं हाय. मळणी कुठं करत्यात?" आणि चेंडू ज्या भोकात जातो त्याला तुम्ही कायम गल म्हणालात, गोट्यांचा असतो तसा. पोलीस ॲक्शननंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही फर्दापूरच्या डोंगरातून मेंढरं घेऊन चाऱ्यासाठी खाली आलात, आणि काही माहीत नसल्यामुळं मैदानातच घुसलात. एका फौजी साहेबानं तुम्हाला हाकलायच्या ऐवजी मेंढरांनी चरलेलं गवत वाकून पाहिलं. म्हणाला, मशीनपेक्षा बरं कापलंय, रोज आण. ही गोष्ट तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलीत की त्या साहेबाच्या मिशाही मला पाठ आहेत. पुढं मेंढरं गेली आणि तुम्ही राहिलात. फळी हातात आली. तिथं तेव्हा कोवळ्या वयाचे चाचा होते. त्यांच्या घरातले बरेच जण त्या धामधुमीत हैदराबादकडं निघून गेले होते; हे मागं राहिले होते आणि साहेबांच्या बॅगा उचलत होते. तुम्ही दोघांनी मिळून ती नऊ खळी तीस वर्षं राखलीत. तुमची मराठी त्यांना येत नव्हती, त्यांची दखनी तुम्हाला येत नव्हती, आणि भांडण मात्र एकदाही झालं नाही. मला वाटतं, त्याचं कारण हेच असावं.

मैदान सोमवारी बंद असायचं. त्या दिवशी तुम्ही मला न्यायचात. साहेबांनी टाकून दिलेली एक मोडकी पुटर तुम्ही दांडा कापून बुटकी केलीत आणि तिला सायकलच्या ट्यूबची मूठ बसवलीत. पुटर म्हणजे चेंडू जमिनीवरून हळूच ढकलायची काठी, हे तुम्हाला सांगायला नको. पण मला तिचं नाव कॉलेजात गेल्यावर कळलं, तोवर मी तिला ढकलणी म्हणत होतो. खेळायला तुम्ही शिकवलं नाहीत, कारण तुम्हालाही येत नव्हतं. तुम्ही फळी शिकवलीत. चेंडू वाळूवर आला की चेंडूपासून गलापर्यंत एकदा फळी ओढायची, वाट करून द्यायची, आणि मग खेळायचं. एकदाच. दुसऱ्यांदा ओढली तर तो गल समोरच्याचा. हा आपल्या मैदानाचा नियम, आणि साहेबांपेक्षा तो तुम्हीच जास्त पाळलात. "येकदा वढली का वढली," तुम्ही म्हणायचात. "परत वढायची नाय. वाळूला सारखं सारखं इचारत बसू नाय." शाळेत मला संस्कृत घ्यावं की आणखी काही, असा प्रश्न पडला तेव्हाही तुम्ही असाच झटक्यात निकाल दिलात. "तीच घे. लई कुणाला येत नाय म्हणत्यात. म्हंजी चुकलं तरी कुणाला कळायचं नाय." त्या एका वाक्यावर मी प्राध्यापक झालो. पुढं मैदान सगळ्यांना खुलं झालं, मी सभासद झालो. फॉर्मवर वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. मी लिहिलं, इथेच.

तर सामना. कमिटीनं आधी मला प्रेमानं बाहेर ठेवायचा प्रयत्न केला. मी नियमपुस्तक मागवलं आणि सूत्रं वाचावीत तसं वाचलं. चेंडू काठीनं मारावा असं त्यात आहे. किती हातांनी मारावा यावर ग्रंथकार मौन पाळतात. तेव्हा त्यांचा नाइलाज झाला, आणि वर त्यांनी मला काही गलांवर एकेक फटका माफ केला. मी नको म्हणालो. ते म्हणाले, नियम आहे. माझंच पुस्तक माझ्याच अंगावर आलं. नऊ गलांचा सामना, दोघांतला, ज्याचे फटके कमी तो गल त्याचा, ज्याचे गल जास्त तो पुढं. समोर बियाण्यांच्या कंपनीतून निवृत्त झालेले एक गृहस्थ. अत्यंत सज्जन. आबा, सज्जन माणसानं एखाद्याचा किती छळ करावा याला मर्यादा असायला हवी. पहिल्याच फटक्याला त्यांनी टाळ्या वाजवल्या. माझा चेंडू साठ पावलांवर पडला होता. "सर, तुम्ही म्हणजे प्रेरणा आहात." दुसऱ्या गलावर, "सर, मी घरी नातवाला तुमचा फोटो दाखवणार आहे." तिसऱ्यावर त्यांनी माझी काठी पुसून दिली. आणि गलाजवळ चेंडू आला की, अजून दोन हात बाकी असताना, "दिला, सर. हा आत गेला असं धरू." या खेळात समोरच्यानं दिलेला फटका नाकारता येत नाही. मी चडफडत चेंडू उचलायचो. सहा महिन्यांत कुणी मला काही करू दिलेलं नाही: बटण लावू देत नाहीत, दार उघडू देत नाहीत, पेरूसुद्धा कापून देतात. आता गलसुद्धा कापून देऊ लागले.

(सहा महिने नव्हे, अडीच. चिडलो की माझं गणित असं होतं.)

पाचव्या गलावर माझा स्फोट झाला. म्हणालो, "साहेब, एक विनंती आहे. यापुढं मला काहीही देऊ नका. हरलो तर हरलो, पण चेंडू आत माझा मी घालीन. मी इथं त्यासाठीच आलो आहे." ते बिचारे एवढेसे झाले. "बरं, सर. शब्द दिला." चाचा मागं फळीच्या दांड्यावर हनुवटी टेकवून उभे होते. चाचा आता सत्तरीच्या पुढं आहेत, बॅग उचलत नाहीत; फक्त माझ्यासाठी म्हणून फळी घेऊन आले होते. ते माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पंडत, कायकू नक्को बोले? मिल रहा था ना." मी म्हणालो, "चाचा, तुम्ही फळी ओढा." ते म्हणाले, "हौ. वोइच करता मैं."

आणि मग मजा अशी झाली की मी चांगला खेळू लागलो. दोन हातांनी माझा चेंडू लांब जातो आणि बाभळीत जातो. एका हातानं तो जवळ पडतो, पण सरळ पडतो. सज्जन गृहस्थांचे फटके लांब जात होते, आणि शब्द दिल्यापासून ते बाभळीत जाऊ लागले होते. आठ गल झाले आणि आम्ही बरोबरीत. नवव्यावर त्यांचा चेंडू सहाव्या फटक्याला आत गेला, माझे पाच झाले होते, आणि त्या गलावर मला एक फटका माफ. म्हणजे हा चेंडू आत गेला की गल माझा, सामना माझा. अंतर दोन हात. तुम्ही कापून दिलेली बुटकी पुटर मी मुद्दाम आणली होती, एका हाताला तीच सोपी पडते. मुठीची ट्यूब मी दोनदा बदलली आहे, पण दांड्यावर तुमच्या कानशीचे ओरखडे अजून आहेत. चाचांनी चेंडूपासून गलापर्यंत फळी ओढली. एकदाच. वाळू अशी बसली की त्यावर मुंगीचे पाय उमटावेत.

इथं मला थोडं मागं जाऊ द्या. तुमच्या शेवटच्या काही वर्षांत खळ्यांवर लाटा राहू लागल्या. लोक कुरकुरायला लागले, चेंडू वाट सोडतो म्हणून. तुम्ही म्हणालात, "फळीची पट्टी वाकलीय." मी नुकता कायम झालो होतो, अंगात रुबाब होता. मी ती लोखंडी पट्टी स्वतः घेऊन औरंगपुऱ्याच्या गल्लीतल्या वेल्डरकडं गेलो. त्यानं ती डोळ्यापाशी धरली, एक डोळा मिटला आणि म्हणाला, "सर, हिला काय झालंय? सुतासारखी सरळ हाय." मी पट्टी परत आणून फळीला बसवली. मग त्याच आठवड्यात आमचे प्राचार्य आणि दोघे सहकारी घरी चहाला आले. तुम्ही कोपऱ्यात बसला होतात. तुम्ही चहा बशीत ओतलात, बशी उचललीत, आणि ती वाजायला लागली. कपावर नव्हे, हातातच, दातांवर. चहा तुमच्या धोतरावर सांडला. प्राचार्यांनी सभ्यपणे छताकडं पाहिलं. ते गेल्यावर, सरळ पट्टी आणि वाजणारी बशी यांची मी तर्कशास्त्राप्रमाणं बेरीज केली, आणि तुम्हाला विचारलं, "आबा, कामावरून येताना घेऊन येता का?" तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. ज्या माणसानं आयुष्यात ताडीचा वासही घेतला नाही त्यानं पाहावं तसं नव्हे. जरा अंदाज घेतल्यासारखं पाहिलंत. म्हणालात, "नाय." एवढंच. दुसऱ्या दिवसापासून तुम्ही चहा पितळी पेल्यातून, दोन्ही हातांत धरून प्यायला लागलात. आई म्हणाली, हे काय नवीन? तुम्ही म्हणालात, "हात शेकत्यात." वैशाख होता.

आता मी त्या नवव्या खळ्यावर उभा आहे. पुटर चेंडूच्या मागं टेकवली आहे. मी नेहमी टेकवल्यावर एक श्वास थांबतो. त्या एका श्वासात मी खाली पाहतो, तर पुटरच्या बुडाशी वाळूवर बारीक रेघा उमटल्या आहेत. कोंबडीनं उकरावं तशा, पण फार बारीक, एकमेकींना चिकटून. मी पुटर उचलतो आणि किंचित बाजूला टेकवतो. तिथंही रेघा. मी मनगटाला सांगतो, मग बोटांना सांगतो, मग दात आवळतो. रेघा वाढतात. चेंडू आहे तिथंच आहे, दोन हातांवर गल आहे, समोर सज्जन गृहस्थ टोपी काढून उभे आहेत, आणि माझ्या पायाशी वाळू सगळं लिहून घेते आहे. दोन हातांनी धरलेल्या काठीवर ते कधी दिसलं नव्हतं. एक हात दुसऱ्याला सांभाळून घेत असावा. आणि मग माझ्या डाव्या बाजूनं फळी आली. चाचांनी चेंडूच्या मागची वाळू ओढून घेतली. रेघा गेल्या. खळं पुन्हा कोरं.

सज्जन गृहस्थ म्हणाले, "चाचा, हे काय? दुसऱ्यांदा?" आणि लगेच सावरून, "राहू द्या, सर. मी काही पाहिलेलं नाही. तुम्ही खेळा." मी म्हणालो, "मी पाहिलं. दोनदा ओढली. गल तुमचा." ते म्हणाले, "अहो पण चूक चाचांची." मी म्हणालो, "फळी माझी, चूक माझी." आणि दोन हातांवरचा चेंडू उचलून खिशात टाकला. आबा, तुम्हाला खोटं सांगण्यात अर्थ नाही. हरल्याचं वाईट वाटायला हवं होतं, पण मला सुटल्यासारखं वाटलं. ज्यासाठी घरात भांडून गेलो होतो ते करायची वेळ आली आणि नियम मदतीला धावून आला. गृहस्थांनी डावा हात पुढं केला. माझा हात हातात घेतल्यावर म्हणाले, "दमलात, सर. हात बघा कसा झालाय. डाव्या हाताला सवय नसते ना." मी म्हणालो, "नसते."

चाचांवर मी मनापासून चिडलो होतो. अवजारांच्या खोलीमागं लिंबाखाली ते स्टोव्हवर चहा करत बसले होते, तिथं जाऊन उभा राहिलो. "गुस्सा आया?" त्यांनी वर न बघता विचारलं. "हौ." "आने दो." मी म्हणालो, "चाचा, तुम्ही आणि आबांनी तीस वर्षं तो नियम पाळला. एकदा ओढली की ओढली. आज माझ्याच वेळी कशाला मोडला?" त्यांनी चहात साखर टाकली. मग म्हणाले, "मोडा? पंडत, मैं तो दो साल रोज मोडा. तुम्हारे अब्बा सुबे फळी खींचते, लहर रह जाती. उनो अगले खळे कू जाते, मैं पीछे से फिर खींचता. साहब लोगां आने के पहले. कभी रह जाता था एखादा, तो लोगां बोलते थे." मी विचारलं, आबांना माहीत होतं का. "पता था. पलट के नई देखे कभी. मैं भी नई बोला." मग मला का नाही सांगितलं, असं विचारलं तर ते पहिल्यांदा माझ्याकडं बघून बोलले. "तुम वेल्डर के पास गए थे ना. तुम्हारे कू लोहा टेढ़ा दिखा."

मला वाटलं, एवढंच असेल. पण त्यांनी चहा गाळता गाळता आणखी सांगितलं. मी तुम्हाला ते विचारल्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्याजवळ बोललात. तुमचं वाक्य त्यांनी तुमच्याच मराठीत सांगितलं. तीस वर्षांत तेवढी मराठी त्यांनी उचलली होती. "पोरगं इचारतंय, पितो का म्हून. म्या म्हनलो नाय. पर त्याला तसंच वाटू द्यावं. पितो वाटलं तर चिडंल. दुसरं कळलं तर भिईल. चिडू दे त्याला." चाचांनी काचेचा ग्लास माझ्या डाव्या हातात दिला. तो अर्धाच भरलेला होता. मी ग्लासकडं पाहिलं, त्यांनीही पाहिलं. म्हणाले, "आधा है. सांडता नई. उनकू भी आधाच देता था. खतम हुआ तो और लेना." मी तो पिऊन टाकला आणि आणखी अर्धा घेतला. आम्ही नवव्या खळ्याकडं पाहत बसलो. पुढच्या आठवड्यात तिथं खणायला सुरुवात होईल. सज्जन गृहस्थ जाताना लांबून हात हलवत ओरडले, की पुढच्या वर्षी हिरवळीवर दोन्ही हातांनी खेळू. हिरवळीवर रेघा उमटत नाहीत, आबा. गवत काही लिहून घेत नाही.

हे पत्र मी कुठं पाठवणार नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तुम्हाला लिहिता वाचता येत नव्हतं. फर्दापूरहून आलेली सगळी पत्रं मीच तुम्हाला वाचून दाखवायचो, आणि नको ती वाक्यं गाळायचो; तुम्हाला ते कळायचं, कारण तुम्ही कागदाच्या उरलेल्या ओळींकडं बघायचात. हे पत्रही मलाच वाचावं लागलं असतं, आणि मी निम्मं गाळलं असतं. शेवटची तीन वर्षं मी तुम्हाला भरवत होतो. कॉलेजला उशीर व्हायचा, म्हणून घास देताना मी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायचो. तुम्ही ते बघत होतात आणि भराभर गिळत होतात. खळ्यांवर लाटा राहू लागल्या तेव्हा तुमचं जे वय होतं, ते आज माझं आहे. तुमची सून मला भरवील, यात शंका नाही. घड्याळाकडं बघेल की नाही, ते मला माहीत नाही. त्याची मला भीती वाटते. खांद्याची नाही. खांदा बरा होतो आहे, डॉक्टर खूश आहेत.

आणि वरची तक्रार मागं घेतो. बशी मी ऑपरेशननंतर सोडलेली नाही. गेल्या दिवाळीपासून, दोन्ही हात धड असताना, मी घरी स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होतो. तुमच्या सुनेनं कारण विचारलं, तेव्हा म्हणालो, हात शेकतात.